पिंजलेली दुपार

गादीवाल्याचं म्हणणं असं, की वेळ वाहतबिहत नाही. वेळ म्हणजे कापूस. दबून बसला की त्याचा दगड होतो, लोखंड होतं, डोंगर होतो. पुन्हा पिंजा, की वेळच. चंद्रसुद्धा जुनी गादीच आहे, कुणीतरी वर जाऊन पिंजायला हवी, एवढंच. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा आणि गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून माना डोलवायची.

त्याची थोरली बहीण मात्र गणिताची मास्तरीण. सहा वर्षांनी भावाकडे आली ती दुपारी दोनला, आणि चारची बस धरून परत निघणार होती. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेत परीक्षा.

"दोनच तास?" गादीवाल्याचा चेहरा पडला. "अगं ताई, सहा वर्षांचं बोलणं साठलंय माझ्याकडे!"

"मग भराभर बोल, कापशा."

बोलायचं सोडून त्यानं माळ्यावरून आईची गादी ओढून काढली. तीस वर्षं आई तिच्यावर झोपली होती. गादी फळीसारखी टणक. "हिच्यात तीस वर्षं दबून बसलीत," म्हणत त्यानं शिवण उसवली आणि पिंजणाची तार छेडली.

"झालं याचं सुरू!" ताई शिंकली.

कापूस फुगला, पार छताला टेकला. दोघं गप्पांना बसली. नातेवाइकांची उणीदुणी काढून झाली, लहानपणीची भांडणं नव्यानं भांडून झाली. ताईनं एक झोप काढली, उठून त्याच्या सगळ्या शर्टांची बटणं लावली, दोनदा चहा केला. मग भिंतीकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं.

"बंद पडलंय तुझं घड्याळ."

"मग तुझं बघ."

तिनं मनगट बघितलं, झटकलं, कानाशी धरलं. टिकटिक चालू. दोन वाजून दहा. "हातचा विसरलाय कुठंतरी," ती पुटपुटली आणि तिसरा चहा ठेवला.

पण फुगलेला कापूस हळूहळू खाली बसतोच. चाराला दहा कमी असताना ताईनं पिशवी उचलली. उरलेल्या कापसाची गादीवाल्यानं घाईघाईत एक उशी शिवली. "घे, बसमध्ये मानेखाली."

तिनं उशी उलटीसुलटी केली. "टाके लांबलांब नाही का पडले?"

"घाई झाली, ताई."

चाळीस वर्षांत त्याच्या हातून टाका लांब पडला नव्हता.

चारच्या ठोक्याला बस सुटली. ती वळणाआड गेली, गादीवाल्याचा हलवलेला हात अजून खाली आला नव्हता, तोच समोरून दुसरी बस येऊन थांबली. आतून ताई उतरली. केसांत कापूस, भुवयांवर कापूस, काखेत रिकामी खोळ.

"पहिल्याच खड्ड्यात उसवली!" ती कडाडली. "पाच तास बस चालली. घरी पोचले, कुंड्यांना पाणी घातलं, उद्याचे पेपर लावून ठेवले, घड्याळ बघते तर चार वाजून एक मिनिट! एकटी बसून करू काय? केसांतल्या कापसावर पाच तास परत आले."

"मग आता किती वाजले?"

"चार वाजून दोन." तिनं त्याचा कान धरला. "मुद्दाम केलंस ना, लबाडा?"

"अगं, टाका जरा कच्चा..."

"कच्चाच असू दे. उद्या अशीच एक उशी शिवून दे." ताईनं पिशवी त्याच्या हातात कोंबली आणि त्याच्या आधी घराची वाट धरली. "परीक्षा दहाला आहे. मी साडेनवाच्या बसनं जाईन."