नव्वद दिवसांचा नियम

बुवांनी कपाटातल्या सर्व्हरचा पंखा काढला आणि दाढीच्या जुन्या ब्रशने त्याची पाती झाडायला घेतली. दर रविवारी दुपारी पंखा साफ करायचा, डिस्क तपासायची, कोणाचं काय अडलंय ते पाहायचं, मग सगळ्यांना तसं पत्र टाकायचं, हे काम ते अकरा वर्षं न चुकता करत होते. बायको गेल्यानंतरचे रविवारही त्यांनी चुकवले नव्हते. लोकांना त्याचं नवल वाटे. बुवांना कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती.

बुवा हे नाव त्यांना घरच्यांनीच ठेवलेलं. कोणी एखाद्या मोठ्या कंपनीच्या साइटवर फोटो टाकलेला दिसला, की यांचं प्रवचन सुरू व्हायचं. आपला संसार परक्याच्या गोदामात कशाला ठेवायचा? फुकट सांभाळतोय म्हणजे तो काय आपला मामा लागतो? माणूस मेला तरी हे त्याला सोडत नाहीत, दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला शुभेच्छा द्यायला सांगतात. नातेवाईक माना डोलवायचे आणि जेवण झाल्यावर पुन्हा तिथेच फोटो टाकायचे. शेवटी बुवांनी कपड्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला, त्यात घरच्यांचे फोटो, पत्रं साठवणारा स्वतःचा सर्व्हर बसवला आणि सगळ्यांना त्यावर खाती काढून दिली. साड्या कुठे ठेवायच्या, असं बायकोने एकदाच विचारलं होतं.

पंखा जागेवर बसवून त्यांनी स्क्रीन उघडली. आठवड्याभराच्या नोंदींत एक नवी ओळ होती. धाकट्या मेव्हणीचं खातं काढून टाकलं. कारण, नव्वद दिवस वापर नाही.

बुवांनी ती ओळ दोनदा वाचली. नियम त्यांचाच होता. सहा वर्षांपूर्वी मोठ्या तोऱ्यात केलेला. आपण त्या कंपन्यांसारखे चिकट नाही. नव्वद दिवस कोणी फिरकलं नाही तर त्याचं सगळं पुसायचं, बॅकअपमधूनसुद्धा पुसायचं. मिटवलं म्हणजे मिटवलं. नियम मशीनला शिकवला आणि ते विसरून गेले.

बायकोला जाऊन चौदा आठवडे झाले होते. चौदा साते अठ्ठ्याण्णव. त्याआधी हॉस्पिटलच्या चार-पाच दिवसांत तिने फोनला हातही लावला नव्हता, ते दिवस वेगळेच.

तिला टाइप करायचा मनस्वी कंटाळा. जे काही असेल ते ती फोनमध्ये बोलून ठेवायची. किराण्याची यादी, प्लंबरला काय सांगायचं ते, जिन्यात भेटलेल्या शेजारणीची नक्कल. नऊ वर्षांचं बोलणं त्या खात्यात साठलेलं होतं आणि तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता. बुवांनी ते अजून एकदाही उघडलं नव्हतं. आहे तिथेच आहे, पळून थोडंच जातंय, असं ते दर रविवारी स्वतःला सांगायचे.

ते फरशीवरच बसून राहिले. आता आपल्याला दरदरून घाम फुटेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. घाम फुटला नाही. गुडघा दुखत होता तेवढं जाणवलं. मग त्यांनी खात्यांची यादी उघडली.

बायकोचं खातं जागेवर होतं. त्यापुढे नोंद होती. शेवटचा वापर, गेल्या बुधवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

सवयीने त्यांना वाटलं, कोणीतरी बाहेरून घुसलंय. त्यांनी फोन कोणता ते तपासलं. फोन घरातलाच होता. बुधवारी चष्म्याच्या दुकानाला सुट्टी असते, आणि त्या दुकानात त्यांची मुलगी कामाला होती.

ती बाहेरच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आईच्या खात्यात तू जातेस का गं?"

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला नाही.

"हो."

"कधीपासून?"

"महिन्यातून एकदा जाते. आत जाते आणि लगेच बाहेर येते. काही उघडत नाही, बाबा. शपथ."

"पण कशाला?"

"आईनं सांगितलं होतं. हॉस्पिटलमध्ये. म्हणाली, तुझ्या बाबानं नव्वद दिवसांचा नियम करून ठेवलाय आणि तो हमखास विसरणार. माझ्या नावानं अधूनमधून आत जात जा."

बुवांनी ढिगातली चादर उचलली. एकट्याने तिची घडी होईना. मुलीने दुसरं टोक धरलं.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"त्याला सांगू नकोस म्हणाली. नियम त्याचाच आहे, उगाच मनाला लावून घेईल."

चादरीची टोकं जुळवताना दोघं जवळ आली आणि पुन्हा लांब गेली.

"मावशीचं खातं गेलं," बुवा म्हणाले.

"मावशीला पत्ताही लागणार नाही. तिचं सगळं तिकडे, त्या मोठ्या कंपनीच्या साइटवरच असतं. आईवर तिकडे केवढं लिहिलंय लोकांनी, तुला दाखवते म्हटलं तर तू ऐकून घेत नाहीस."

"नियम सगळ्यांना कळवला होता मी."

"तुझ्या रविवारच्या पत्रातून ना?" ती जराशी थांबली. "बाबा, राग मानू नकोस. ती पत्रं सगळ्यांनी बंद करून ठेवलीत. काकानं, मावशीनं, मीसुद्धा. दर आठवड्याला डिस्कची तब्येत कोण वाचणार? आई तेवढी वाचायची."

चादर नीट घडी होऊन बुवांच्या हातात आली होती, ती त्यांनी खुर्चीवर ठेवली.

"तिचा पासवर्ड दे."

"तुला कशाला हवा? तुझ्याकडे सगळ्याच किल्ल्या आहेत."

"मागच्या दारानं नाही जायचं मला."

मुलीने एका कागदावर पासवर्ड लिहून दिला. बुवा कपाटासमोर येऊन बसले. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा लागला.

अकरा वर्षांत त्यांनी हे कपाटातलं घर कधी तिच्या बाजूने पाहिलं नव्हतं. अक्षरं फार बारीक होती. ती तसं म्हणायची, आणि ते चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणायचे. डावीकडे तिच्या आवाजाच्या फायली ओळीने होत्या. तिकडे त्यांचा हात गेला नाही. उजवीकडे त्यांची रविवारची पत्रं होती, शेकडो, एकाखाली एक, आणि प्रत्येक उघडून वाचलेलं. ज्यात नियम कळवला होता त्या पत्रावर तिने खूण केलेली होती.

फक्त वरची चौदा ठळक अक्षरांत होती. न वाचलेली.

ती आपणच लिहिली आहेत हे बुवांना माहीत होतं, पण लिहिल्याचं एकही आठवत नव्हतं. त्यांनी चौदांतलं सगळ्यात जुनं उघडलं. ती गेली त्या आठवड्यातला रविवार. सर्वांना नमस्कार, असं त्यात होतं. डिस्क ठीक आहे, जागा भरपूर आहे, कोणालाही काही करायची गरज नाही. खाली त्यांचं नाव.

हे तिला जाऊन पोचलं होतं आणि तिने ते वाचलं नव्हतं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच बुवांना एकटं वाटलं.

पत्राची ठळक अक्षरं साधी झाली. त्यांनी पुढचं पत्र उघडलं. सर्वांना नमस्कार, डिस्क ठीक आहे. तेही त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि त्याच्या वरचं उघडलं.