तीन पोत्यांची अक्का

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या नजरेबद्दल जे सांगतात ते निम्मं खोटं धरलं, तरी उरलेलं निम्मं तुम्हाला पचायचं नाही. एकदा बाजारातून चोर पळाला. मास्तरांनी दुकानाच्या दारातून त्याची नुसती पाठ पाहिली. छाती अडतीस, डावा खांदा अर्धा इंच उतरता. पोलिसांनी त्या मापाचा कोट शिवून घेतला आणि दिसेल त्याच्या अंगात घालून पाहिला. तिसऱ्या दिवशी ज्याला बसला, तो चोर. कोट इतका झकास बसला होता, की पठ्ठ्या कबुली द्यायला तयार, कोट काढायला नाही!

तर अशा माणसाच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तेही एका माणसाच्या मापावरून.

झालं होतं असं. एक तारखेपासून धूर सोडणाऱ्या गाड्यांना जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत बंदी येणार होती. मास्तरांचं दुकान गल्लीत, दुकानामागे घर, आणि घरात थोरली बहीण, अक्का. आई गेल्यावर मास्तरांना हिनंच वाढवलेलं. अक्काचे गुडघे कामातून गेलेले. दहा पावलं म्हणजे तिचा प्रवास. दर मंगळवारी तिला गुडघे शेकायला दवाखान्यात न्यायचं, ते आपल्या जुन्या पेट्रोलच्या गाडीतून. दुसरी गाडी तिला चालत नसे. मास्तरांनी पुढची सीट उसवून, कापूस भरून, अक्काच्या पाठीच्या मापानं शिवलेली होती. ही गाडी दारात आली नाही, तर अक्का खिडकीतल्या खुर्चीला कायमची खिळणार.

म्हणून ठरलं, की इंजिन काढायचं आणि विजेची मोटर बसवायची. घरीच, मागच्या अंगणात. पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करणारा मेव्हणा हाताशी होता. मोटर येऊन कापडं बेतायच्या टेबलाखाली बसली होती. शनिवारी इंजिन नेणारा येणार होता. आज गुरुवार, आणि बॅटऱ्यांची चौकट बनवणारा वेल्डर संध्याकाळपर्यंत आकडा मागत होता. एकदा इंजिन गेलं आणि आकडा चुकला, की गाडी म्हणजे चार चाकांचं कपाट.

"भाऊजी, चौदा बॅटऱ्या टाकू," मेव्हणा म्हणाला. "एकीला सहा किलोमीटर धरा. चौदांत शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन परत येता येईल."

"तिकडे कशाला मरायला? आपला दवाखाना इथं कोपऱ्यावर. बारा! चौदांनी गाडी बसेल खाली."

गाडी बसायची भीती खरी होती. आरटीओच्या तपासनिसानं दारापाशी जमिनीत एक पट्टी ठोकून तिच्यावर लाल रेघ मारून दिली होती. माणसांसकट दाराची कड त्या रेघेखाली गेली, की कागद नामंजूर. एक बॅटरी पंधरा किलोची. आणि सगळ्या गणितात एकच आकडा अंदाजाचा, तो अक्काचा. अक्का वजनकाट्यावर चढत नसे. "मी काय कांद्याची गोणी आहे?" असं म्हणून तिनं दवाखान्यातल्या नर्सला एकदा रडवलं होतं. मास्तरांनी चार वर्षांपूर्वीच्या वहीतून तिची मापं काढली, डोळे मिटले आणि म्हणाले, "नव्वद."

पण नव्वदची शंभर निघाली तर? मास्तरांना दोन दिवसांपासून घास गोड लागत नव्हता.

शेवटी मेव्हण्यानं तोड काढली. बेकरीवाल्याकडून मैद्याची तीस-तीस किलोंची तीन पोती आणली. ती अक्काच्या सीटवर रचली. इंजिनाचं वजन वजा जाता बारा बॅटऱ्यांचा जो भार उरतो, तो बरोबर दोन माणसांचा. म्हणून डिकीत मेव्हणा आणि बेकरीवाला गुडघे छातीशी घेऊन बसले.

"जरा सरक की," बेकरीवाला कुरकुरला.

"बॅटऱ्या बोलत नसतात," मेव्हणा म्हणाला.

स्टीअरिंगमागे मास्तरांच्या वजनाइतके कापडाचे तागे रचले. त्यांच्या बायकोनं पट्टीवर खडूनं खूण केली. लाल रेघेच्या वर, जेमतेम सुतभर.

"आता पोती काढा आणि अक्काला बसवा," मास्तर म्हणाले. बायको जागची हलेना. "अहो, पोत्यांनी कळलं ना? वन्संना कशाला त्रास?"

"कळलं ते पोत्यांचं. आण तिला."

अक्का आली. अंगात तिचा तो निळा कोट, खांद्यावर, पोटावर, जिथल्या तिथं बसलेला. "अरे, गाडी करतोयस की माझी परीक्षा घेतोयस?" म्हणत ती सीटवर टेकली. मास्तरांनी विचारलं, "आली का रेघेखाली?"

बायको पट्टीकडे बघत राहिली. मास्तर स्वतः पुढे आले. कड खडूच्या खुणेच्या चांगली दोन बोटं वर होती.

"स्प्रिंग अडकली असेल. ए, उड्या मार!" डिकीतून दोन्ही बॅटऱ्यांनी उड्या मारल्या. गाडी डुलली आणि पुन्हा तिथंच थांबली. पट्टी तपासली, सरळ. चाकांची हवा तपासली, ठीक. मास्तरांनी अक्काला खुर्चीवर बसवलं आणि सीटवर एक पोतं ठेवलं, मग दुसरं. कड नेमकी त्या दोन बोटांवर आली. तिसरं पोतं त्यांच्या हातातच राहिलं.

तीन पोत्यांची अक्का दोन पोत्यांवर आली होती.

"वा!" मेव्हणा डिकीतून ओरडला. "म्हणजे चौदा बसतात की, भाऊजी!"

मास्तरांनी पोतं खाली ठेवलं, अक्काजवळ गेले आणि तिच्या कोटाची बगल उलटून पाहिली. आत एकाशेजारी एक शिवणी. जुन्या, नव्या, सगळ्या बायकोच्या हातच्या.

"दर महिन्याला अर्धा इंच," बायको पदरात बोलल्यासारखी बोलली. "वन्संनी शपथ घातली होती. म्हणाल्या, कोट ढिला झाला की त्याला कळेल."

"मग? कळू देऊन करायचं काय?" अक्का फणकारली. "तो डॉक्टर म्हणतो, शहरात जा, तपासण्या कर. हा गाडीच्या काळजीनं आधीच अर्धा झालाय. म्हटलं, गाडी होऊ दे."

अख्ख्या बाजाराची मापं पाठमोरी घेणारा माणूस वर्षभर रोज कोटाकडे बघत आला होता. कोट बसतोय, म्हणजे अक्का आहे तशी आहे.

"वेल्डरला चौदा सांग," ते बायकोला म्हणाले. मग सीटवरची पोती आणि तागे त्यांनी एकट्यानं खाली ओढले, अक्काला उचललं आणि सीटवर ठेवलं. उचलताना लागेल म्हणून जेवढं बळ लावलं होतं, तेवढं लागलंच नाही. तिथं त्यांचा चेहरा पडला.

"अरे, आज कुठे? इंजिन शनिवारी जाणार ना?" अक्का म्हणाली.

"म्हणूनच. अजून आहे."

किल्ली फिरली, गाडी धूर ओकत गल्लीतून निघाली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मागून धपधप आवाज यायला लागला. मास्तरांनी लक्ष दिलं नाही. त्यांचे डोळे रस्त्यावर आणि डावा हात अक्काच्या मनगटावर, जणू बोटांनीच माप घेत होते.

"थांब रे," अक्का म्हणाली. "तुझ्या बॅटऱ्या ओरडताहेत."

"ओरडू देत," मास्तर म्हणाले. "मोठं हॉस्पिटल चाळीसच किलोमीटर आहे."