वर केलेला हात

आमच्या सासूबाईंना सगळीकडे पहिला नंबर लागतो. इमारतीच्या सभेत विषय निघाला: फाटकाबाहेर फुटपाथवर मशीन टाकून बसणाऱ्या शिंपीकाकांना हटवायला पालिकेचं पथक बोलवायचं का? प्रश्न संपायच्या आत यांचा हात वर! त्यांचं बघून बाकीच्यांचेही हात वर गेले. माझा तेवढा मांडीवर राहिला, म्हणून घरी येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

"पोटावर पाय दिलात त्यांच्या," मी शेवटी म्हणालेच.

"मी? मी काय काठी घेऊन जाणार आहे? सरकार बघेल."

"काठी सरकारची, आई. पण उगार म्हणून सांगितलं कोणी?"

"तुझी जीभ फार चालते," म्हणत त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पथक आलं तेव्हा सासऱ्यांचा जुना कोट नेमका काकांकडे होता, नातवाच्या मापाचा करायला दिलेला. म्हणजे बघा, ज्याला हाकलायचं त्याच्याकडेच कापड टाकायचं! खिडकीतून ट्रक दिसताच सासूबाई उलटसुलट चपला घालून खाली धावल्या. मी मागोमाग.

दोन माणसं मशीन उचलायला वाकली होती. पथकाने नेलेलं मशीन परत मिळालंच तर भंगार होऊन मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक. आणि काका विनवत होते, "साहेब, एक बाही राहिलीय. गिऱ्हाईकाचा माल आहे हो." मला रडूच आलं.

सासूबाईंना पाहून त्यांनी कोट पुढे केला. "ताई, बाही तेवढी दुसरीकडून लावून घ्या. मजुरी नको मला."

सासूबाईंनी कोट घेऊन मशीनवर टाकला आणि दोन्ही हातांनी मशीन घट्ट धरलं.

"आजी, बाजूला व्हा," साहेब म्हणाले. "आम्हाला हौस नाही. तुमच्याच इमारतीने बोलावलंय."

"ठाऊक आहे. पहिला हात माझाच होता."

"मग आता?"

"आता काय? चुकले."

साहेबांनी घाम पुसला. "फुटपाथवर नाही ठेवता येणार. मलाही वर जाब द्यावा लागतो."

"आणि फाटकाच्या आत?"

"आतलं तुमचं तुम्ही बघा."

आत आमची गाडी लावायची जागा होती. नवऱ्याची नवी गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण.

"आई, तो घर डोक्यावर घेईल."

"घेऊ दे. गाडीला पोट नसतं." मग त्यांनी खिडक्यांकडे बघून आवाज दिला, "सभेत हात वर केलेले सगळे खाली या! मशीन जड आहे!"

दोन खिडक्या धाडकन बंद झाल्या. मला वाटलं, संपलं. पण जिन्यात पावलं वाजली. आंबट तोंडाने खजिनदार आले, मग वरच्या मजल्यावरची डॉक्टरीण. पथकातल्या एकानेही खालून हात लावला. साहेब तेवढ्यापुरते रस्त्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी नवऱ्याने फाटकाशी हॉर्न वाजवला. काका बाही जोडत होते. सासूबाई उठल्या, गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला.

"बाहेर लाव. इथे काम चाललंय."