क्रेटच्या तळाशी पेंढा

"पोरीचं मला काही नाही, ती पडली की रडते तरी. ह्यांच्यावर डोळा ठेव," लेकीच्या बाळंतपणाला निघताना सासूबाई गाडीच्या खिडकीतून सांगून गेल्या. सूनबाई तेव्हा हसली होती. चांगली कॉलेज शिकलेली बाई, पोरीच्या नुसत्या श्वासावरून ताप ओळखणारी. एक म्हातारा माणूस सांभाळणं तिला काय अवघड?

सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी दमच भरला होता. पण पानं गळायला लागली, थंडी दाराशी आली आणि घरामागचा तो टीचभर भाजीमळा एकदम अंगावर आला. भोपळे, गाजरं, बीट, कोबी, सगळ्यांना एकदमच निघायची घाई. नवरा चिखलात वाकून गाजरं उपटत होता. ती पोरीला कमरेवर घेऊन गाजरं धूत होती. आणि सासरे, तिची पाठ वळली रे वळली की क्रेट उचलत होते.

"बाबा, काय ठरलं होतं आपलं?"

"रिकामा होता गं."

"रिकाम्या क्रेटला कुणी कण्हतं का?"

"मी नाही कण्हलो, गुडघा बोलला."

मग ती क्रेट अर्धेच भरू लागली. सासऱ्यांनी दोन अर्ध्यांचा एक भरलेला केला आणि तिच्यादेखत उचलला. "अर्धे क्रेट बाजारात नेले तर लोक विचारतील, घरात सगळे आजारी आहेत का."

"तुम्ही तरी बोला ना त्यांना," ती नवऱ्यावर चिडली.

"बाबा कुणाचं ऐकत असते तर आईचे केस अजून काळे असते," तो म्हणाला आणि परत गाजरांत शिरला.

शेवटी तिनं डोकं चालवलं. क्रेटच्या तळाशी पेंढा, वर बीट. दिसायला गच्च, उचलायला हलका. हे क्रेट बाजारातल्या आपल्या टेबलावर ओतून सुटेच विकायचे, असं नवऱ्याला तिनं दहादा बजावलं.

"बीट यंदा हलकं भरलंय का गं?" सासऱ्यांनी क्रेट टेम्पोत ठेवत विचारलं.

"पाऊस कमी झाला ना, बाबा."

नवरा विसरला. जन्मभर सासऱ्यांकडून न बघता माल नेणाऱ्या खानावळवाल्याला त्यानं तोच क्रेट दिला. थोड्या वेळानं खानावळवाला परत आला आणि भर बाजारात पेंढा टेबलावर टाकून सासऱ्यांना म्हणाला, "काका, हा शिजवायचा की कच्चाच वाढायचा?"

घरी आल्यावर सासऱ्यांनी तो पेंढा ओट्यावर तिच्यापुढे ठेवला.

"बाबा, तुमच्या टाक्यांसाठी केलं हो मी."

"त्या माणसानं माझा क्रेट कधी उघडून बघितला नव्हता. आता रोज बघेल." एवढं बोलून ते हात धुवायला गेले. त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. ती वाढेल ते मात्र मुकाट्यानं जेवले.

आज सकाळी ती पोरीला औषध पाजत होती तेवढ्यात टेम्पो निघाल्याचा आवाज आला. सगळे क्रेट सासऱ्यांनी स्वतः भरले होते, काठोकाठ, आणि स्वतःच चढवले होते. ती त्यांना फोन लावते तर त्यांचा फोन ओट्यावरच वाजतोय. पोर तापानं फणफणलेली, तिला सोडून जाता येत नाही. टेम्पो तर तेच घेऊन गेलेत. नवरा म्हणतो, "येतील गं," आणि त्याचंही खरं आहे, उरलेला कोबी आजच काढला नाही आणि रात्री दव गोठलं तर तो हातचा जाईल. चढवलेलं उतरवायचंही असतं, हे मात्र या घरात तिच्याशिवाय कुणाच्या डोक्यात येत नाही.

म्हणून पोरीला खांद्यावर टाकून ती फाटकाशी उभी आहे आणि बाजाराकडे जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवतेय. तुम्ही जाणार असाल तर तुम्हालाही तिचं एवढंच सांगणं आहे. अगदी टोकाचं टेबल, उसवलेली करडी टोपी. भाजी घ्या न घ्या, आधी ते ताठ उभे आहेत का तेवढं बघा. एक हात पोटाशी धरलेला दिसला, तर क्रेटला तुम्ही हात लावा. तिनं पाठवलंय असं मात्र म्हणू नका. कोबी कसा दिला, असं विचारत उचला.