कुंपणापाशी उभं राहायचं नाही

आमचा लाटसाहेब घरी शहाण्यांतला शहाणा. वर्तुळ काढ म्हटलं की कंपासने काढल्यासारखं वर्तुळ, थांब म्हटलं की चारी पाय सरळ रोवून उभा. आणि स्पर्धेला नेला रे नेला की ह्याच्या अंगात काय संचारतं, देव जाणे. पहिल्या स्पर्धेत परीक्षकांच्या टेबलापुढच्या कुंड्या बघून असा थिजला की टाचा मारमारून माझ्या भाचीचेच पाय दुखले. दुसऱ्या वेळी रिंगणाच्या मधोमध थांबला, मान वर केली आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असा खिंकाळला. दोन्ही वेळा घंटा वाजली, बाद झाल्याची, आणि पोरगी मान खाली घालून बाहेर आली.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली आणि घोड्यांतच रमली. मी आणि आमचे हे मिळून गावाबाहेर लहानशी पागा चालवतो. हे चारापाणी, ट्रक आणि मोडतोड बघतात, मी शिकवते. एकेकाळी मी स्वतः स्पर्धेत उतरायचे. खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून माझी जागा कुंपणाला टेकून, हातात चहाचा मग. लाटसाहेब मात्र आमचा नाही. तो दातांच्या एका डॉक्टरांचा. त्यांना घोडा बाळगायची हौस दांडगी, पण बसायची भीती, म्हणून बसते आमची भाची. तीन वर्षं तिने त्याला पोटच्या पोरासारखं केलंय.

आमच्या ह्या स्पर्धेत शर्यत नाही, उड्या नाहीत. ठरलेल्या आकृत्या काढायच्या, चालत, दुडकत, मध्येच थांबत, आणि तेही असं की स्वाराने काही केलंय हे दिसता कामा नये. बाहेरून कुणी हूं की चूं केलं तरी स्वार बाद. नियम कडक आहे आणि मी तो कधी मोडलेला नाही. घोडा रिंगणात गेला की मी तोंडाला कुलूप लावते.

मी काय काय केलं नाही ह्या घोड्यासाठी. कुंड्यांना बिचकतो म्हणून घरच्या रिंगणाभोवती कुंड्या मांडल्या, तर ह्याने फुलं खाल्ली. टेबल-खुर्ची ठेवून ह्यांना परीक्षक म्हणून बसवलं, हे टोपी डोळ्यांवर ओढून झोपी गेले आणि घोडा त्यांच्या घोरण्यालाही दचकला नाही. स्पीकरवर गर्दीचा गोंगाट लावला, दोरीवर चादरी फडफडवल्या. लाटसाहेब ढिम्म. तिसऱ्या स्पर्धेला त्याच्या सोबतीला आमची म्हातारी घोडीसुद्धा ट्रकमध्ये घालून नेली. बाहेरच्या सरावाच्या मैदानात, मी शेजारी उभी असताना, त्याने असं सुरेख काम केलं की चार अनोळखी माणसं येऊन कौतुक करून गेली. मग आत गेला आणि अर्ध्यात खिळला. त्या दिवशी परत येताना ट्रकमध्ये मी त्याला काय काय बोलले, ते सांगण्यासारखं नाही.

डॉक्टर चांगला माणूस आहे, पण त्यांचाही संयम सुटला. म्हणाले, आता एक शेवटची स्पर्धा बघू. तिथेही बाद झाला तर समुद्रकिनाऱ्यावर पोरांना फेऱ्या मारून आणणारा एकजण त्याला मागतोय, त्याला देऊन टाकू. भाचीने पागेत जाऊन त्याच्या अंगाला इतका वेळ खरारा केला की तो कंटाळून निघून गेला.

आणि मग माझा आवाज बसला. पेंढ्याची धूळ गेली घशात, दुसरं काही नाही. सकाळी उठले तर तोंडातून नुसती हवा. तरी गळ्याला मफलर गुंडाळून कुंपणापाशी गेलेच. भाची घोड्यावर बसून आत आली, एक फेरी झाली, आणि लाटसाहेब रिंगणाच्या मधोमध थांबला. मान वर. खिंकाळला. घरी. ना कुंड्या, ना माणसं, ना घंटा.

मला आधी वाटलं, पोटात दुखतंय ह्याच्या. मग त्याचे कान पाहिले. दोन्ही कान माझ्याकडे. मी घशातून कसंबसं "हंऽ, चल" एवढं काढलं, तर हा लगेच दुडक्या चालीने निघाला, वळायच्या जागी वळला, जणू काही झालंच नाही. वर भाची बसली होती, लगाम तिच्या हातात होता, पण त्याने तिला काही विचारलंच नव्हतं.

मी कपाळाला हात लावला. दिवसभर माझं तोंड चालू असतं हे मला ठाऊक आहे, आमचे हे त्यावरून मला ऐकवतच असतात. हं, वळ आता, सावकाश, पाठ सरळ, शाब्बास माझ्या राजा. मला वाटायचं मी भाचीला सांगतेय. ऐकत होता तो. आणि स्पर्धेत ऐन वेळी मी गप्प, म्हणजे त्याच्या दृष्टीने त्याला सांगणारं कुणी उरलंच नाही. कुंड्या, गर्दी, म्हातारी घोडी, सगळी मेहनत पाण्यात. अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याहून राग भाचीचा आला, कारण मी हे तिला पाटीवर लिहून दाखवलं तर तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"मला माहितीये मावशी," ती म्हणाली. "केव्हापासून."

मग बोलली का नाहीस, म्हणून मी हातवारे केले.

"तू बोलायची थांबलीस तर ना."

आवाज नव्हता म्हणून वाचली.

चार दिवसांत घसा सुटला आणि खरी शिक्षा सुरू झाली. गप्प राहायचं. सोपं वाटतं, करून बघा. मी ओठ मिटले तर जीभ टाळ्याला लागून टक्‌ वाजायची आणि घोडा दुडकायला लागायचा. मी श्वास आत ओढला की तो थांबायचा. हे म्हणाले, तू तुझी घरातच बस. बसले, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून "टाच खाली" असं माझ्या नकळत माझ्याच तोंडून गेलं. एकदा गवताच्या गंजीमागे लपून बघितलं, तर लाटसाहेब भाचीला पाठीवर घेऊन सरळ गंजीपाशी आला आणि माझ्या मफलरचं टोक चावत उभा राहिला. भाची वरून माझ्याकडे बघत होती. हसली असती तर बरं वाटलं असतं.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ती खोगीर पुसत बसली होती. मी शेजारी जाऊन लगाम पुसायला घेतला.

"उद्या तो थांबला की तू खोकशील," ती म्हणाली.

"वाट्टेल ते बोलू नकोस."

"खोकशील. तो चालायला लागेल आणि कुणाला कळणारही नाही. पण मला कळेल. तू खोकलीस, तर मी तिथेच उतरेन आणि त्याला हाताने धरून बाहेर आणेन. मग डॉक्टरांनी त्याला कुठेही देऊ दे."

मला इतका संताप आला की मी लगाम तिथेच टाकून उठले. संताप येण्याचं कारण, मी दोन दिवस नेमका खोकण्याचाच विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पहिल्या रांगेत येऊन बसले होते. आत बोलावायची घंटा झाली, लाटसाहेब आत गेला. सुरुवात बरी झाली. लांबच्या बाजूने दुडकत गेला, वळला, आणि मग चाल तुटली. थांबला. मान वर. कान फिरायला लागले, इकडे, तिकडे, आणि मी सापडले. माझ्या घशात खोकला येऊन बसला होता. एवढासा. माझ्या शेजारी एक बाई खोकतच होती, तिला कुणी काही म्हणत नव्हतं. मी मफलर तोंडात कोंबला. भाची त्याच्यावर ताठ बसली होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती. आणि मला कळलं, की मी गप्प राहून भागणार नाही. मी दिसतेय तोवर हा वाट बघत उभा राहणार.

मी वळले आणि निघाले. खुबा घेऊन भरभर चालता येत नाही, पण चालले. मागे तो खिंकाळला. ट्रकमध्ये चढून मी काच वर केली. हे स्टिअरिंगपाशी बसले होते. तो पुन्हा खिंकाळला, काचेतूनही ऐकू आला. मी कानांवर हात ठेवले, मग घंटा ऐकू यावी म्हणून काढले. घंटा वाजली.

"संपलं," मी म्हणाले. "गेला घोडा."

ह्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं. "अगं, ही पुढच्याला आत बोलावायची. आपली बाहेर येतेय."

शेवटून दुसरी आली. डॉक्टरांना नंबराचं काही नव्हतं, बाद झाला नाही एवढं त्यांना पुरलं. त्यांनी घोड्याबरोबर फोटो काढला, हातभर लांब उभं राहून. मी भाचीला विचारलं, मी गेल्यावर काय झालं. म्हणाली, मी पाय लावले, तो हलला नाही, परत लावले, तो विचारात पडला, आणि मग गेला. वर्तुळ कसं आलं, मी विचारलं. "वाकडं," ती म्हणाली, आणि तोंडभर हसली.

आज सकाळी ती टोपी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "मावशी, रागावू नकोस. पण कुंपणापाशी येऊ नकोस. घरीसुद्धा."

बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार. खिडकीकडे पाठ करून चहा घेऊन बसले. टापा ऐकू येत होत्या, कोपऱ्यावर चाल तुटत होती, आणि ती कशाने सुधारेल ते माझ्या जिभेवर होतं. ह्यांनी उठून खिडकी लावून घेतली. तरी लाटसाहेब खिंकाळला तो ऐकू आलाच, एकदा, आणि थोड्या वेळाने आणखी एकदा. मी चहा पीत राहिले. तिसऱ्यांदा तो खिंकाळला नाही.