पाण्याचं वजन

खाडीकाठच्या दिवाळे गावात धोंडूबाईंच्या घरी सकाळचा चहा झाला की त्यांची सून रुतिका मोरीत हात धुवायला बसे आणि लवकर उठतच नसे. फक्त उजवा हात. साबणाने, मग घासणीने, मग नुसत्या नखांनी. सासू बघून न बघितल्यासारखं करी.

रुतिकाचा नवरा निकेश एका रसायनांच्या कारखान्यात फिटर होता. तिथल्या जुन्या शेडच्या लोखंडी गर्डरला नवे पाइप टांगले, तेव्हा शेठने पूजेला मुद्दाम या नव्या नवरीला बोलावलं. लक्ष्मीची पावलं म्हणे! तिने पाइपाला हार घातला. दुसऱ्या दिवशी चाचणीसाठी पाइपांत पाणी भरलं, गर्डर वाकून कोसळला आणि निकेश त्याखाली गेला. दुखवट्याला आलेला शेठ हळूच म्हणाला, हिचा हात लागेपर्यंत सगळं ठीक होतं. साप साप म्हणून भुई धोपटायला आपल्याकडे वेळ लागत नाही. गावाने ते खरं मानलं, धोंडूबाईंनीही मानलं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, रुतिकानेही.

अपघाताच्या चौकशीवर नेमलेल्या इंजिनीअर नमिताताई एकदा घरी आल्या. निकेश त्या कामाबद्दल काही बोलला होता का, एवढंच त्यांना हवं होतं. रुतिकाने उलट त्यांनाच विचारलं,

“मॅडम, हाराचं वजन किती असेल?”

नमिताताईंनी हातातली वही मिटली. मग त्यांनी सगळं समजावलं. गर्डर बसवला होता फक्त छपरासाठी. नवं ओझं तो पेलेल का, हे कुणी तपासलंच नाही. रिकामे पाइप त्याने कसेबसे पेलले. पाणी भरल्यावर वजन जवळजवळ दुप्पट झालं.

“म्हंजी रिकामी होडी नि भरलेली होडी,” दारात बसलेल्या धोंडूबाई म्हणाल्या. सारा जन्म खाडीवर गेलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागलं नाही. इतके महिने सुनेला कसं वागवलं ते आठवून त्यांना स्वतःची लाज वाटली.

पुढे शेठने दुसऱ्या शेडमध्ये नव्या पाइपांची पूजा ठेवली. रुतिकाला तेवढं घरीच ठेवा, असा निरोपही धाडला. धोंडूबाई तिला हाताला धरून घेऊन गेल्या. दोघी दारात दिसताच पाइपांखाली उभे असलेले कामगार, बरेचसे गावचेच, कुजबुजत मागे सरले.

“हिला कशाला भिता?” धोंडूबाई म्हणाल्या. “वर बगा. तसाच जुना गर्डर हाय, नि उद्या पानी भरतील. माजा पोऱ्या हिचे हातानं नाय मेला.”

सगळ्यांनी वर बघितलं. मग एकेक जण पाइपांखालून बाहेर पडला आणि रुतिकाच्या शेजारी येऊन उभा राहिला.