चार बोटं खाली

सुमेधानं दाराच्या फटीत गोधडी कोंबली आणि बियाण्याची खोली पुरती काळोखी झाली. बाहेर टेंभुर्णीत भर दुपारचं ऊन होतं.

"माय, हलू नको."

"मी कुठं हालून राह्यले? जल्दी कर, चुलीवर दूध हाय."

चांगुणाबाई पोत्यावर बसली होती. लेकीनं पुण्याच्या प्रयोगशाळेतून आणलेला कॅमेरा तिच्याकडे रोखलेला. कॅमेरा कसला, प्रकाशाचा एकेक कण मोजून घेणारा चिक्कू गडी! त्याच्या शेजारून लेझरची अगदी क्षीण चमक जायची आणि मोजकेच कण माघारी यायचे. जो जितक्या उशिरा परतेल, तितकी ती जागा लांब. जिथून कणच आला नाही, तिथं आजूबाजूच्या ठिपक्यांवरून प्रोग्राम अंदाज बांधायचा.

लॅपटॉपच्या पडद्यावर आधी नुसते विखुरलेले ठिपके दिसले. मग हळूहळू माय उमटली. डोईवरचा पदर, नाक, गुडघ्यांवरचे हात. सुमेधाला टाळीच वाजवावीशी वाटली. पण उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली होता.

संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेतल्या सरांना चित्र पाठवायचं होतं. ते चुकीचं निघालं तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात. तिनं कॅमेऱ्याची तिवई नीट केली, पुन्हा चित्र घेतलं. खांदा खालीच. प्रोग्रामच चुकतोय असं धरून तिनं त्यात दुरुस्तीची एक ओळ घातली. माय सरळ झाली, पण मागची भिंत तिरकी झाली.

"माय, सरळ बस ना."

"बिलकुल सरळ बसले की."

सुमेधा चाचपडत गेली. मायच्या दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले. उजवा खरंच खाली होता.

"हा कधीपासून असा?"

"शाळेची खिचडी शिजवायचे नं, तवापासून. डोक्यावर हंडा, उजव्या हातात बादली. हापशी का जवळ व्हती? पण तू वर्गात बसलेली रोज बघायला भेटायचं."

ती खिचडी सुमेधानं सात वर्षं खाल्ली होती. पाणी कुठून येतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. तिनं दुरुस्तीची ओळ पुसली आणि चित्र होतं तसं सरांना पाठवलं.

"फोटो बिघडला व्हय?"

"न्हाई माय. बराबर आलाय."

दार उघडलं. चांगुणाबाईनं सवयीनं अंगणातली भरलेली बादली उचलली. सुमेधानं ती तिच्या हातातून घेतली आणि चालू लागली. दोन पावलांतच तिचाही उजवा खांदा खाली गेला.